पूर्णविरामाला माणूस पाहिजे

श्रेया गाडेकरच्या घरासमोर शाळा होती. उस्मानपुऱ्यातल्या तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट सातवी ब दिसायची. शाळा तिच्याच संस्थेची होती आणि ती त्या संस्थेत इंग्रजीची शिक्षिका होती. फक्त त्या शाळेत नव्हती. समोर सकाळच्या सत्राची घंटा झाली की ती डबा पिशवीत टाकायची, रिक्षा पकडायची, बसस्थानक गाठायची आणि संस्थेच्या दुसऱ्या शाळेत शिकवायला वैजापूरला जायची.

समोरच्या शाळेत दुपारच्या सत्राला इंग्रजी शिकवणारे सर वैजापूरचे होते. ते रोज वैजापूरहून उस्मानपुऱ्यात यायचे. लासूरच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी दोघांच्या एसट्या एकमेकींना ओलांडायच्या. दोघांनाही खिडकीची जागा मिळाली असली तर ती दोघं हात करायची.

ही अदलाबदल का होत नाही, असं तिनं संस्थेचे अध्यक्ष कडूबाअण्णा यांना एकदा विचारलं होतं. अण्णांची वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची अडत होती. ते म्हणाले, "मॅडम, सगळेच घराजवळ गेले, मंग संस्थेचा वचक काय राह्यला?"

श्रेया दुसऱ्या दिवशी पुन्हा बसमध्ये बसली.

मग फेब्रुवारीत वैजापूरच्या शाळेचं नवं सभागृह पूर्ण झालं, आणि त्याच्या दाराशी उद्घाटनाचा दगड बसवायचं ठरलं. दगड अण्णांनी दिला. त्यांच्या बंगल्याच्या स्वयंपाकघराचा ओटा करताना काळ्या ग्रॅनाइटचा एक तुकडा उरला होता. ओट्याचा तुकडा असल्यामुळं तो लांबलचक आणि बुटका होता. एरवी अशा दगडावर नावं एकाखाली एक येतात, वर कोण आणि खाली कोण यावरून जे काय भांडण व्हायचं ते होतं आणि विषय मिटतो. या दगडावर एकाखाली एक नावं मावेनात. ती एकापुढं एक, सलग वाक्यात घालावी लागणार होती. शाळा इंग्रजी माध्यमाची, तेव्हा वाक्य इंग्रजीत.

अण्णांनी श्रेयाला ऑफिसात बोलावलं.

"दगडाचं काम तुम्ही बघा. मजकूर इंग्रजीत पाहिजे, आन् भांडण कोन्त्याच भाषेत नको. दिवाळीनंतर संस्थेची निवडणूक हाये. आत्ता कुणी रुसलं तर मला जड जाईन. दगड गुमान बसला की जूनपासून उस्मानपुरा."

"लेखी द्याल, अण्णा?"

"मी बोललो म्हंजे दगडावरची रेघ."

दगडाचाच विषय चालू असल्यामुळं श्रेयाला ते पटलं.

अडचण एकच होती. उद्घाटनाला जे पाहुणे येणार होते, ते शहरातल्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांना निमंत्रणपत्रिका पाठवली तेव्हा ती परत आली होती. शेवटच्या ओळीनंतर पूर्णविराम नव्हता, तिथं त्यांनी लाल पेनानं गोल काढला होता आणि समासात 'पुन्हा लिहा' असं लिहिलं होतं. संस्थेनं पत्रिका पुन्हा छापली. त्यामुळं दगडावरच्या वाक्याला शेवटी पूर्णविराम हवाच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. संस्थेच्या इतिहासात एकमत झालेली ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे शिक्षकांना दिवाळीची सुट्टी जास्त होते.

शनिवारी शिक्षकखोलीत बैठक बसली. श्रेयानं मजकुराची छापील प्रत प्रत्येकापुढं ठेवली. वाक्य साधं होतं. हे सभागृह अमुक-अमुक यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलं. मग नावं: आधी अध्यक्ष कडूबाअण्णा, त्यांच्यानंतर स्वल्पविराम. मग उपाध्यक्ष पुंडलिकराव, त्यांच्यानंतर स्वल्पविराम. मग खजिनदार गोकुळशेठ, त्यांच्यापुढं 'अँड', आणि शेवटी संस्थापक धोंडिबांच्या पत्नी भागूबाई. मग पूर्णविराम. भागूबाई त्या दिवशी बैठकीला आल्या नव्हत्या, त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता.

गोकुळशेठनं चष्मा लावला. त्यांचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळं ते कागदसुद्धा आधी बोटांत चोळून बघायचे. मग नावावरून बोट फिरवत ते थांबले.

"मॅडम, माझं कायतरी राह्यलंय."

"काय, शेठ?"

"अण्णाच्या मागं हे शेपटीवालं हाये. पुंडलिकरावाच्या मागं बी हाये. माझ्या मागं नाय."

"तुमच्यापुढं अँड आलंय ना. अँड आलं की स्वल्पविराम लागत नाही. म्हणजे काही लोक देतात, काही देत नाहीत. इंग्लंडात शक्यतो देत नाहीत, अमेरिकेत बरेच जण देतात."

हे शेवटचं वाक्य आपण का बोललो, याचा विचार श्रेयानं पुढं बऱ्याच बसप्रवासांत केला.

"मंग आपुन कुणाकडचे?" अण्णांनी विचारलं.

"वैजापूरचे," पुंडलिकराव म्हणाले.

गोकुळशेठ कागदावरून मान न उचलता म्हणाले, "म्हंजे देणं न देणं देणाराच्या मनावर हाये."

"तसं म्हणता येईल."

"मंग मला नाय द्यायचं, हे कुणाच्या मनात आलं?"

गोकुळशेठचा इतिहास सगळ्यांना माहीत होता. काही वर्षांपूर्वी एका सत्कारात त्यांना शाल मिळाली आणि नारळ मिळाला नाही. नारळ कमी पडले होते, बाकी काही नव्हतं. पण तेव्हापासून शेठ कुठल्याही कार्यक्रमाला जाताना स्वतःचा नारळ गाडीत ठेवत. शालीबरोबर नारळ आणि नावाबरोबर स्वल्पविराम. त्यांचा हिशेब सरळ होता, आणि श्रेयाच्या ध्यानात आलं की खोलीतल्या कुणालाच तो चुकीचा वाटत नाहीये.

"देते, शेठ," ती म्हणाली आणि पेनानं स्वल्पविराम घातला. अमेरिकेची पद्धत वैजापुरात लागू झाली.

गोकुळशेठनं तो कागद घडी करून खिशात ठेवला. आता अण्णा कागद जवळ-लांब करून बघत होते.

"पुंडलिकला दोन हायेत."

"कुठं अण्णा? एकच आहे. नावानंतरचा."

"आन् हा अलीकडचा?"

"तो तुमचा आहे. तुमच्या नावानंतरचा."

"कुणाचा बी असंन. दिसतोय तर त्याच्या दारात." अण्णांनी कागद खाली ठेवला. "उपाध्यक्षाला दोन्हीकडून, आन् अध्यक्षाला एकीकडून. बाहेरून येणारा माणूस काय समजंन?"

पुंडलिकराव छताकडं बघत होते. त्यांचा प्लॉटचा धंदा होता आणि दुसऱ्याच्या जागेत आपली सावली पडली तर त्यात आपली चूक नसते, हे त्यांना व्यवसायातून माहीत होतं. निवडणुकीला ते अण्णांच्या विरोधात उभे राहणार आहेत हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं, त्यामुळं त्यांनी अजून ते जाहीर केलं नव्हतं.

श्रेयानं डोळे मिटले. डोळ्यांपुढं सातवी ब आली.

"अण्णा," ती म्हणाली, "याच्यापेक्षा मोठा एक असतो. अर्धविराम. खाली स्वल्पविराम आणि डोक्यावर टिंब."

"टोपीवाला?"

"हो, टोपीवाला."

"तो कधी द्यायचा आस्तो?"

तिनं बीएड केलं होतं आणि नववीला तो धडा दरवर्षी शिकवला होता, पण तिचं खाजगी मत असं होतं की अर्धविराम जिथं लिहिणाऱ्याचा निर्णय होत नाही तिथं येतो. थांबावं तर वाटतं, पण संपवायचा धीर होत नाही.

"मोठ्या माणसानंतर," ती म्हणाली.

अण्णांचा चेहरा फुलला. "एकच ऱ्हाऊ द्या मंग. टोपीवाला एकच बास."

पुंडलिकरावांनी आता छतावरची नजर खाली आणली. टेबलावर नववीचं व्याकरणाचं पुस्तक पडलं होतं. त्यांनी ते ओढलं आणि हॉटेलात मेनूकार्ड चाळावं तसं चाळायला लागले. एका पानावर बोट ठेवून थांबले.

"हे काय?"

"कंस."

"ह्याचा उपयोग?"

कंसातला मजकूर गाळला तरी वाक्याचं काही बिघडत नाही, असं पुस्तकात त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं. श्रेयानं तोंड उघडलं, बंद केलं आणि म्हणाली, "आतला माणूस सुरक्षित राहतो. दोन्हीकडून."

"कंपाउंड!" पुंडलिकराव म्हणाले. "हे बघा, मॅडम. प्लॉट कितीबी भारी आसू द्या, कंपाउंड नसंन तर त्याला किंमत नाय. मला हे पाहिजे. ते टोपीबिपी अण्णाला लखलाभ."

"घ्या," अण्णा म्हणाले.

चहा आला. बैठक कुणीही न रुसता संपली, असं शिपायानं बाहेर जाऊन सांगितलं तेव्हा बाहेर कुणी विश्वास ठेवला नाही.

सोमवारी परत येताना श्रेया नगर नाक्यावर उतरली आणि लष्करी छावणीत बन्सीभाऊंच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक मशीन आणि सगळीकडं पांढरी पूड. बन्सीभाऊ छावणीतल्या साहेबांच्या बंगल्यांच्या पाट्या कोरायचे. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. ते अक्षरांकडं नक्षी म्हणून बघायचे आणि नक्षी म्हणून त्यांना इंग्रजी जरा बेचव वाटायचं.

अण्णांचा दगड लाकडी घोडीवर आडवा पडला होता. वरचा मथळा कोरून झाला होता, विश्वस्तांचा उपक्रम असा काहीतरी.

"ताई, हा स्वल्पविराम वर कामून चढलाय?" बन्सीभाऊंनी विचारलं.

"तो अपॉस्ट्रॉफी आहे. तो वरच असतो."

"खालचाच वर गेलाय ना पण?"

"दिसायला तसाच आहे."

"बढती झाली म्हणा की." बन्सीभाऊंनी त्यावरची पूड फुंकली. मग कागद हातात घेऊन त्यांनी खालच्या नावांवर खडूनं खुणा करायला सुरुवात केली. टोपी, कंपाउंड, शेपटी. शेवटच्या नावाशी खडू थांबला.

"हे टिंब कुणाला?"

"भागूबाईंना. शेवटी त्या आहेत."

बन्सीभाऊंनी खडू खाली ठेवला. "त्यांना इचारलं का?"

"टिंबाचं काय विचारायचं?"

"ताई, इथं छावणीत मी आयुष्यभर पाट्या कोरल्या. कोन्त्याच साहेबाच्या नावापुढं टिंब देत नाय. साहेब बदलून जाणारा माणूस. टिंब दिलं की माणूस पक्का झाला. एका मेजरसाहेबाच्या पाटीला माझ्या पोरानं चुकून दिलं व्हतं. साहेब तिथंच रिटायर झाला, आजून तिथंच हाये. त्याची बायको रोज मला फोनवर बोलती."

श्रेया हसली. हसायला नको होतं, पण तेव्हा तिला हे माहीत नव्हतं.

"आन् म्हाताऱ्या माणसाच्या नावापुढं टिंब म्हंजे," बन्सीभाऊ म्हणाले, "तुम्हीच समजा."

पुढच्या शनिवारी भागूबाई बैठकीला आल्या. पांढरं नऊवारी, हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये भाचीच्या साखरपुड्याचे फोटो. ते सगळ्यांनी बघून झाल्यावर श्रेयानं दगडाचा कागद पुढं केला आणि नावाच्या शेवटी काय आहे ते जितकं हळू सांगता येईल तितकं हळू सांगितलं.

"म्हंजे मी संपले," भागूबाई म्हणाल्या.

"नाही काकू, वाक्य संपलं."

"वाक्यात कोण हाये? मीच ना? कडूबाला टोपी, पुंडल्याला भिंत, गोकुळला शेपूट, आन् मला ठिपका? मी जित्ती हाये आजून. गेल्या महिन्यात गुडघ्याचं आपरेशन झालं, डॉक्टर म्हणला पंधरा वर्षं काळजी नाय."

"नको काकू, नको," अण्णा घाईनं म्हणाले. "आपुन धोंडिबा काकांचं नाव शेवटी घेऊ. त्यांना चालंन टिंब. ते तर…" अण्णांनी वर बघितलं.

भागूबाईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवला.

"त्यांना देवानं एकदा संपवलंय. तुम्ही परत कशाला संपवता?"

मग श्रेयानं भीत भीत सुचवलं की पूर्णविराम दिलाच नाही तर? जगात पुष्कळ दगडांवर नसतो. पण अण्णांनी टेबलावरची ती परत आलेली निमंत्रणपत्रिका दाखवली. लाल गोल अजून ताजा दिसत होता.

"दगड बी परत पाठवला तर? पत्रिका पोस्टानं आली. दगडाला टेम्पो करावा लागंन."

मग शेवटी कोण, यावर चर्चा सुरू झाली. ती चर्चा कमी आणि शोकसभा जास्त वाटत होती. गोकुळशेठनं सांगितलं की त्यांच्या घरी लग्न आहे, या वर्षी टिंब चालणार नाही. पुंडलिकराव म्हणाले की कंपाउंडच्या बाहेर ते पाऊल टाकत नाहीत. अण्णा म्हणाले, निवडणुकीच्या तोंडावर अध्यक्षाच्या नावापुढं टिंब म्हणजे विरोधकाला आयतं पोस्टर. पुंडलिकरावांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला. ते हसत होते की काय, हे रुमालामुळं कळलं नाही.

शिपायाचं नाव घालावं, असंही निघालं. शिपायानं चहाचा ट्रे तिथंच ठेवला आणि तो निघून गेला.

उद्घाटन गुरुवारी होतं. श्रेयाला खिडकीतून सातवी ब दिसत होती, खिडकी तिथून बऱ्याच किलोमीटरवर असूनही.

"माझं नाव घाला," ती म्हणाली. "शेवटी. मला चालेल टिंब."

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. अग्निशामक दलाची गाडी आलेली बघावी तसं.

"खरंच?" अण्णा म्हणाले.

"दगड बसला की झालं."

"बघा!" अण्णा बाकीच्यांना म्हणाले. "याला म्हणत्यात त्याग."

भागूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्यांना स्वल्पविराम मिळाला होता आणि त्यांचा गुडघाही आता दुखत नव्हता. संस्थेच्या विश्वस्तांच्या दगडावर एका शिक्षिकेचं नाव का, हे कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. टिंब धरायला माणूस मिळाला होता.

गुरुवारी मंडप भरला होता. पाहुणे आले. उंच, शिडशिडीत, खिशाला लाल पेन. श्रेयाची नजर त्या पेनावरून हलेना. पडदा ओढला गेला, दगड दिसला आणि प्राध्यापक सर पुढं वाकले. चष्मा कपाळावर, मग नाकावर, मग परत कपाळावर. त्यांचा हात खिशाकडं गेला. पेन बाहेर आलं. ते एक क्षण ग्रॅनाइटकडं बघत राहिले. मग त्यांनी पेन परत खिशात ठेवलं. काही गोष्टी दुरुस्तीच्या पलीकडं असतात, हे त्यांना नोकरीतच कळलं असावं.

पण ते शिस्तीचे गृहस्थ होते. समोर लिहिलंय ते लिहिलंय तसंच वाचायचं, हा त्यांचा धर्म. त्यांनी माईक घेतला आणि वाक्य मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

कडूबाअण्णांचं नाव आलं. त्यानंतर अर्धविराम होता. सर थांबले. ते इतका वेळ थांबले की माईक बंद पडला समजून साऊंडवाल्यानं येऊन 'हॅलो, चेक, चेक' केलं. अण्णांच्या नावाला टाळ्या द्यायच्या की नाही हे लोकांना कळेना, म्हणून कुणीच दिल्या नाहीत. मग कंस आला. कंसातलं हलक्या आवाजात वाचायचं असतं, म्हणून सरांनी माईक लांब धरला आणि पुंडलिकराव हे नाव पुटपुटले. मागच्या रांगेत त्यांची माणसं बसली होती. त्यातला एक जण शेजारच्याला म्हणाला, "साहेबाचं नाव खाल्लं का काय?" मग गोकुळशेठ आणि बारीक थांबा. त्या थांब्यात एका बाळानं रडायला सुरुवात केली. मग भागूबाई, परत थांबा, तेवढ्यात त्यांचाच मोबाईल वाजला.

मग 'अँड', आणि श्रेया गाडेकर.

आणि पूर्णविराम. सरांचा आवाज खाली उतरला, ते थांबले, त्यांनी मान झुकवली. पूर्ण वाक्य वाचल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. मंडपाला इतका वेळ हेच हवं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मग सगळे उभे राहिले. बँडवाल्यांना वाटलं आता आपलं काम, त्यांनी वाजवायला घेतलं. लोक वळून वळून श्रेया गाडेकर कोण ते शोधत होते. ती पाण्याच्या जारजवळ उभी होती.

स्टेजवर चार विश्वस्त टाळ्या वाजवत होते. हात चालू होते, चेहरे बंद.

जेवणाच्या पंगतीत श्रेया अण्णांच्या समोर बसली. जिलेबी वाढून झाल्यावर तिनं विषय काढला.

"अण्णा, दगड बसला. जूनचं नक्की ना?"

अण्णांनी जिलेबी मोडली. "आता कसं, मॅडम?"

"म्हणजे?"

"तुमचं नाव वैजापूरच्या दगडावर. टाळ्या वैजापुरात. आन् तुम्ही उस्मानपुऱ्यात? लोक इचारतीन, ह्या श्रेया गाडेकर कुठं हायेत? काय सांगू? बदलून गेल्या? दगड थोडाच बदलून जातोय."

"पण तुम्ही शब्द दिला होता."

"दिला व्हता. पण तवा तुम्ही टिंबावर नव्हत्या." अण्णांनी शेजारच्या पानाकडं बोट केलं. तिथं बन्सीभाऊ बसले होते, त्यांना दगडाचे कारागीर म्हणून जेवायला बोलावलं होतं. "बन्सीलाच इचारा."

"टिंबवाला माणूस पक्का आस्तो," बन्सीभाऊ भात कालवत म्हणाले. "मी ताईला सांगितलं व्हतं."

सांगितलं होतं. श्रेयानं मठ्ठ्याचा ग्लास संपवला. उरलेली जिलेबी तिनं खाल्ली, कारण जिलेबीचा यात काही दोष नव्हता.

पुढचे काही आठवडे ती नेहमीसारखी येत-जात राहिली. लासूरच्या आसपास समोरच्या बसमधल्या सरांना हात करत राहिली. पण शाळेत एक वेगळी गोष्ट घडायला लागली होती. विश्वस्त एकेकटे येऊन दगडासमोर उभे राहायला लागले.

आधी गोकुळशेठ आले. दुकानात जाता जाता सहज, म्हणाले. मग पुंडलिकराव. त्यांनी श्रेयाला व्हरांड्यात गाठून हळूच विचारलं, "कंपाउंड ठेवून टिंब घेता येतं का?"

"येतं. पण ते टिंब कंसाच्या आत द्यायचं की बाहेर, याचे नियम जरा किचकट आहेत."

"किती किचकट?"

"मलाही दरवेळी पुस्तक बघावं लागतं."

पुंडलिकराव विचारात पडून गेले. एके दिवशी भागूबाईही आल्या. दगडावरच्या टिंबावरून बोट फिरवत म्हणाल्या, "तसं बघितलं तर ठिपका नाजूक दिसतो नाय?" टिंब सगळ्यांना पाहिजे होतं. आणि सगळ्यांनी ते भर बैठकीत नाकारलेलं असल्यामुळं मागता कुणालाच येत नव्हतं. पदरात पडलेलं शेपूट आणि कंपाउंड सोडून टिंब मागायचं म्हणजे आधी आपण चुकलो होतो असं म्हणायचं, आणि संस्थेत तशी प्रथा नव्हती.

अण्णा आले ते एप्रिलच्या एका दुपारी, यार्डातून थेट, सदऱ्याला कांद्याची पात चिकटलेली. ते दगडासमोर हात मागं बांधून उभे राहिले. श्रेया वर्गातून बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"लई थांबला तो मास्तर," अण्णा म्हणाले. "माझ्या नावाला."

"अर्धविरामाचा तोच त्रास आहे, अण्णा. लोकांना कळत नाही पुढं अजून काही आहे की नाही. टाळी हातातच राहते."

"तुम्ही त म्हणला, मोठ्या माणसानंतर देत्यात."

"देतात. पण त्याहून मोठा माणूस शेवटी येतो. तो आल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. टाळ्या तिथं पडतात. तुम्ही ऐकल्या."

अण्णा ऐकलेल्या टाळ्या पुन्हा ऐकत असावेत. मग म्हणाले, "पण टिंब म्हंजे संपलं. पुंडल्या तेच बोंबलत फिरंन."

"टिंब म्हणजे पक्कं, अण्णा. बन्सीभाऊ काय म्हणाले? त्या मेजरसाहेबांना कुणी हलवू शकलं नाही." ती जरा थांबली. अर्धविरामाइतकी. "निवडणूक दिवाळीनंतर ना?"

अण्णांनी दगडाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, परत दगडाकडं. सदऱ्यावरची पात त्यांनी झटकली.

"आन् तुमचं नाव?"

"काढून टाका. जागा मोकळी होईल. माझं नाव या दगडावर नसलं तर मी वैजापूरची कशी?"

"नाय मंग," अण्णा सावकाश म्हणाले. "मंग कसल्या वैजापूरच्या."

"जूनपासून?"

"जूनपासून. तो उस्मानपुऱ्यातला मास्तर इकडं बोलावून घेतो. तसा तो इकडलाच हाये." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण मी शेवटी गेलो त ह्या पहिल्या जागंवर कोण? टोपीवाल्यावर? गोकुळ म्हणंन मी, पुंडल्या म्हणंन मी."

"ते शनिवारच्या बैठकीत ठरवा."

"तुम्ही ऱ्हाणार ना बैठकीला?"

"जूननंतरच्या शनिवारी ठेवा, अण्णा," श्रेया म्हणाली आणि बन्सीभाऊंना फोन लावला.

पलीकडून मशीनचा आवाज येत होता. तो बंद व्हायची वाट बघून ती म्हणाली, "बन्सीभाऊ, ग्रॅनाइटवर कोरलेलं बुजवता येतं का?"

"येतं की. काळा मसाला भरायचा, वरून घासायचं. पण ताई, डाग ऱ्हातो. उन्हात नाव दिसतं थोडं."

"दिसू द्या," श्रेया म्हणाली. "टिंब तेवढं नीट बुजवा."